कुरुंदा ते नगर: मंडळीच्या वाटेनं

जिल्ह्याबाहेरच्या माणसाला कुरुंदा दोनच गोष्टींमुळं ठाऊक असतं: टोकाई साखर कारखाना आणि नरहर कुरुंदकर. कुरुंदकर गुरुजींचा जन्म नांदापूरचा, आयुष्य गेलं नांदेडात, पण आडनाव मात्र आमच्या गावाचं. गाव वसमत तालुक्यातलं, हळदीच्या पट्ट्यातलं. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, पुढं परभणी जिल्ह्यात आलं आणि 1 मे 1999 पासून हिंगोलीत. धर्माचा इतिहास सांगायला बसलं की आमच्याकडं विषयांची कमतरता नसते. औंढ्याला नागनाथ, तिथंच विसोबा खेचर, पलीकडं नामदेवांची नरसी आणि जरा दूर नांदेडचा सचखंड. या यादीत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चभोवती जमलेल्या समुदायाचं, नाव कुणी घेत नाही.

तरी आमच्या भागातल्या जुन्या बायकांच्या बोलण्यात एक ख्रिस्ती संस्था हमखास येते. ‘वाशीमचं मिशन.’ बाळंतपण अडलं, पोटाचं ऑपरेशन निघालं, की गाडी वाशीमच्या दिशेनं जायची. दुसरं मिशन जालन्याला. मिशनचे दवाखाने दोन्ही बाजूंना आणि मधला आमचा पट्टा मात्र मोकळा, असं का? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर या प्रश्नाला आणखी एक शेपूट फुटलं. त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले 1895 मध्ये. त्यांच्याआधी जवळजवळ ऐंशी वर्षं मराठी मुलखात मिशनचं काम चालू होतं. ते कुणी केलं, कुठं केलं, आणि रविवारी त्या बाकांवर बसायला कोण येत होतं? ते पाहायचं म्हणून मी कुरुंद्याहून आधी वाशीम, मग जालना, औरंगाबाद आणि शेवटी नगर अशी वाट धरली. कालक्रमाच्या दृष्टीनं ही वाट उलटी आहे. सर्वांत जुनं ठिकाण सर्वांत शेवटी येतं. पण आमच्या बाजूनं निघणाऱ्याला तीच सरळ पडते.

हिंगोली पहिली लागते. हिंगोलीत निजामाच्या खर्चानं पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, म्हणजे हैदराबाद कंटिंजंट, 1903 पर्यंत होती. अशाच छावण्या बोलारमला, औरंगाबादला, मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होत्या. छावणी आली की साहेब आले, साहेब आले की रविवारची प्रार्थना आली, अधूनमधून येणारा पाद्री आला आणि कबरस्तानही आलं. पण ही उपासना इंग्रजीत आणि इंग्रजांसाठी. शिपायानं दाराबाहेर पहारा द्यायचा. मराठवाड्यातल्या जुन्या चर्चांविषयी बोलताना हा फरक आधी मनात पक्का करावा लागतो. छावणीचं चर्च वेगळं आणि मिशनची मंडळी वेगळी. दगडी मनोरा, रंगीत काचा, पितळी पाट्या हे बहुधा पहिल्याच्या वाट्याला. दुसरीची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या झाडाखाली, शाळेच्या खोलीत किंवा महारवाड्या-मांगवाड्यातल्या अंगणात झालेली असते.

कनेरगाव नाक्याजवळ पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड सुरू होतं. आज पूल ओलांडताना काही जाणवत नाही, पण 1853 नंतर ही नदी दोन कारभारांमधली सीमा होती. त्या वर्षी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. अलीकडं निजामाचा तालुकदार, पलीकडं इंग्रज डेप्युटी कमिशनर. पलीकडं इंग्रजी अंमल, अधिकाऱ्यांचा आधार, पुढं रेल्वे. 1850 च्या एकविसाव्या कायद्यानं इंग्रजी मुलखात धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. तो कायदा निजामाच्या रयतेला लागू नव्हता. मिशनऱ्यांनी आधी कुठं तंबू ठोकले असतील, हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. अकोला, अमरावती, अचलपूर, वाशीम, यवतमाळ, मेहकर अशी वऱ्हाडात ठाणी उभी राहिली. नदीच्या अलीकडं त्यांना छावणीच्या सावलीतच बसावं लागलं. आमचा पट्टा मोकळा का राहिला, याचं माझ्या मते निम्मं उत्तर या पुलावरच मिळतं.

वाशीमला आधी अमेरिकन मेथडिस्टांचं काम होतं. 1930 च्या दशकात ते चर्च ऑफ द नाझरीन या दुसऱ्या अमेरिकन पंथाकडं गेलं. 1936 मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर नावाची तरुण अमेरिकन डॉक्टर भारतात आली आणि मेथडिस्टांच्या जुन्या शाळेच्या इमारतीतच तिनं 1938 च्या सुमारास रुग्णालय सुरू केलं. हेच रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, आमच्या म्हाताऱ्यांचं ‘वाशीमचं मिशन’. आमच्या विषयाच्या दृष्टीनं ही मंडळी उशिराची, त्यामुळं इथं मी फार रेंगाळलो नाही. पण मेथडिस्टांनी आपलं ठाणं दुसऱ्याला सोपवलं, या गोष्टीमागं एक मोठी व्यवस्था होती, ती सांगायला हवी. एकाच गावात दोन मिशनांनी भांडू नये म्हणून त्यांनी आपसात मुलूख वाटून घेतला होता. नगर, सोलापूर, सातारा अमेरिकन मराठी मिशनचा. पुणे, जालना स्कॉटलंडवाल्यांचा. नाशिक, औरंगाबाद इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचा. अकोला, अमरावती आणि खानदेश अलायन्स नावाच्या आणखी एका मिशनचा. परिणाम असा की मराठी प्रॉटेस्टंट माणसाचा पंथ त्यानं धर्मशास्त्र वाचून निवडलेला नसतो. त्याचा आजा कोणत्या जिल्ह्यात होता, यावर तो ठरलेला असतो. नगरचा माणूस काँग्रिगेशनल, जालन्याचा प्रेस्बिटेरियन, औरंगाबादचा अँग्लिकन. युरोपात ज्या भेदांवरून युद्धं झाली, ते आपल्याकडं जिल्ह्याच्या हद्दीसारखे नकाशावर आखले गेले.

वाशीम, मेहकर, सिंदखेडराजा करत जालना. रस्ता चांगला आहे. सिंदखेडला जिजाऊंच्या वाड्यापाशी थांबलो, चहा घेतला आणि पुढं निघालो. त्या वाड्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

जालना हा या प्रवासाचा गाभा. आणि जालन्याची गोष्ट सुरू होते मुंबईच्या कोर्टात.

1843 साल. नारायण शेषाद्री हा देशस्थ ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्यापाशी शिकत होता. त्यानं सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. घरावर आभाळ कोसळलं, आणि तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराएक वर्षांचं, तोही त्याच वाटेनं जायला निघाला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान आहे म्हणून त्याला बापाच्या हवाली केला. इथं कोर्टाचं काम संपलं आणि समाजाचं सुरू झालं. पोरगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला, त्यांच्यात जेवला. आता त्याला जातीत घ्यायचं की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. सनातनी शास्त्र्यांनी कडाडून विरोध केला, मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले आणि खुद्द बाळशास्त्र्यांवर बहिष्काराची वेळ आली. एका मुलावरून अख्खी मुंबई हलली. आपल्या पाठ्यपुस्तकांत बाळशास्त्री पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक म्हणून येतात. त्यांचं हे धाडस मला तितकंच मोठं वाटतं.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्येही मोठी फूट पडली होती. पाळक नेमायचा अधिकार जमीनदाराचा की मंडळीचा, हा वाद विकोपाला गेला आणि मे 1843 मध्ये शेकडो पाळक घरंदारं सोडून बाहेर पडले. त्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईतले डॉ. जॉन विल्सन आणि नेस्बिट त्यांच्यात गेले. म्हणजे नारायण ज्या मंडळीत आला, तीच त्या वर्षी ‘आमचा पाळक आम्ही ठरवणार’ म्हणत घराबाहेर पडलेली होती. त्यानं पुढं जे केलं, त्याकडं पाहताना हे विसरता येत नाही.

1854 मध्ये नारायण शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईसारख्या शहरात राहून, शिकलेल्या तरुणांशी वाद घालत आयुष्य सुखानं गेलं असतं. 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तोंड वळवलं ते जालन्याकडं. इथं छावणी होती, तिच्या हद्दीत इंग्रजी अंमल होता. मागं तेवढा आधार आणि पुढं निजामाच्या राज्यातली खेडी. ब्राह्मण पाळकाची वाट पाहत इथं ब्राह्मण बसलेले नव्हते. त्यांच्याकडं आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. मुंबईत ज्याच्या भावाच्या शिवाशिवीवरून शास्त्र्यांची डोकी फुटायची वेळ आली होती, तो माणूस जालन्याच्या मांगवाड्यात बसून भाकरी खात होता. पंथ, सिद्धांत, श्रद्धा सगळं बाजूला ठेवून नुसती ही घटना पाहिली तरी एकोणिसाव्या शतकातल्या मराठवाड्यात ती लहान नव्हती.

पण बाप्तिस्मा घेऊन प्रश्न मिटत नव्हता. खरा प्रश्न तिथून सुरू व्हायचा. बलुत्याच्या व्यवस्थेत मांगाचं काम ठरलेलं. दोर वळायचे, केरसुण्या करायच्या, सणाला-जत्रेला वाजवायचं. बदल्यात खळ्यावर धान्य. ख्रिस्ती झालेला माणूस देवीपुढं वाजवायला नाही म्हणाला की त्याचं बलुतं बंद. पाटील-कुलकर्णी रुष्ट, खळं बंद, कधी राहत्या जागेचाच प्रश्न. नगर जिल्ह्यातल्या महार ख्रिस्त्यांचीही हीच अडचण होती. शेषाद्रींनी यावर तोड काढली. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारभाराकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथं एक नवं गावच वसवलं. नाव ठेवलं बेथेल. बायबलात याकोबाला स्वप्न पडलं, त्या जागेचं हे नाव. 1870 च्या सुमाराची ही गोष्ट. गावात उपासनामंदिर, शाळा, विहीर, राहती घरं. इथल्या माणसाला खळ्यावर हात पसरायला जायचं नव्हतं.

मुसलमान राज्य, शिया दिवाण, ब्राह्मण पाळक, मांग रयत, स्कॉटलंडचा पैसा. हे पाचही एका गावात आले आणि गाव उभं राहिलं. सालारजंग 1853 पासून 1883 पर्यंत दिवाण होते. इंग्रज रेसिडेंटाला सांभाळत राज्याचा कारभार आधुनिक करणारा हा मुत्सद्दी. पडीक जमिनीवर कष्टकरी वस्ती होते आहे, महसुलाला बरंच आहे, असा हिशेब त्यानं केला नसेल असं नाही. पण हिशेबानं का होईना, जमीन दिली.

शेषाद्री पुढं जगभर गेले. 1873 मध्ये न्यूयॉर्कला प्रॉटेस्टंट पंथांची मोठी परिषद भरली, तिथं पांढरं पागोटं घालून ते बोलले. पागोटं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे पाटलून चढवणं, अशी समजूत असणाऱ्यांनी त्यांची छायाचित्रं पाहावीत. 1891 मध्ये ते वारले.

जालन्यात रविवारच्या उपासनेला बसलो. चपला दाराबाहेर. बायका एका बाजूला, पदर डोक्यावर. पेटी, तबला, झांजा. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला आणि ‘उपासना संगीत’ची पानं फडफडली. चाल सुरू झाली तशी मी दचकलोच, कारण ती आमच्या एकादशीच्या भजनात चालली असती. ओळखपाळख नसलेल्या माणसाला इथं ‘सलाम’ म्हणतात आणि हातात हात घेतात. उपासना सुटल्यावर सत्तरीच्या पुढच्या एका बाईंनी चौकशी केली.

“कुठले म्हणायचे तुम्ही?”

“कुरुंद्याचा, वसमत तालुका.”

“लई लांबून आलाव. जेवून जा.”

बोलता बोलता त्यांनी त्यांच्या सासूच्या काळातली गोष्ट सांगितली. जात्यावर बसण्याआधी मूठभर ज्वारी देवाच्या नावानं गाडग्यात टाकायची, ते धान्य महिनाअखेर मंडळीत आणायचं, त्यातून मास्तराचा पगार. “आमच्या सासूबाईला सही येत नव्हती, पण गाडगं कधी रिकामं नव्हतं,” त्या म्हणाल्या. पाळक आपला आपण ठरवायचा म्हणून स्कॉटलंडात माणसं रस्त्यावर आली होती. जालन्याच्या खेड्यातल्या बाईनं आपल्या मास्तराचा पगार मुठीनं मोजून दिला. मंडळीच्या इतिहासात ही माणसं कुठं येतात? अहवाल साहेबांनी लिहिले, त्यात साहेबांची आणि पाळकांची नावं आली. बाकीच्यांचा उल्लेख संख्येत.

औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. छावणीतलं ख्राइस्ट चर्च पाहिलं. देखणं आहे, पण ते पहिल्या जातीचं, साहेबांच्या उपासनेचं. मराठी मंडळीचं काम इथं चर्च मिशनरी सोसायटीकडं होतं आणि ते वाढवलं रतनजी नौरोजी या पारशी गृहस्थानं. नाशिकच्या मिशनमध्ये ते ख्रिस्ती झाले, पाळक झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक दशकं औरंगाबादला राहून त्यांनी भोवतालच्या खेड्यांत मंडळ्या उभ्या केल्या. जालन्याला देशस्थ ब्राह्मण, औरंगाबादला पारशी. मराठवाड्यातल्या दोन्ही जुन्या मिशनांचे कर्ते पुरुष गोरे नव्हते, हे मला या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं. ‘गोऱ्यांनी येऊन बाटवलं’ असं म्हणणाऱ्यालाही, ‘गोऱ्यांनी येऊन उद्धार केला’ असं म्हणणाऱ्यालाही हे अडचणीचं आहे.

नाशिकचा विषय निघाला म्हणून एक आडवाट. नाशिकच्या शरणपूरला सोसायटीनं 1854 मध्ये वस्ती केली. अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं तिथं आणून शिकवली जात. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढं डॉ. लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या सफरीत होता आणि 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या जंगलात वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. नाशिकात शिकलेला आफ्रिकन मुलगा पुढं लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीला हजर राहिला. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

आता नगर, म्हणजे अहिल्यानगर. उलट्या वाटेचं शेवटचं टोक आणि गोष्टीची सुरुवात.

खरी सुरुवात मुंबईची. फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. मिशनरी आले की रयत बिथरते आणि व्यापार बुडतो, हे कंपनीचं गणित. त्यात अमेरिका-इंग्लंड युद्ध चालू. त्यांना परत पाठवायचे हुकूम निघाले, पण ते तग धरून राहिले, आणि त्याच वर्षी कंपनीच्या नव्या सनदेनं मिशनऱ्यांना दार उघडलं. त्यांच्या हाती पहिला बाप्तिस्मा झाला 1819 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. तो माणूस मराठी हिंदू नव्हता. तो हैदराबादेहून आलेला कादर यार खान नावाचा मुसलमान. आमच्या निजामाच्या राज्यातला! सहा वर्षांत एक माणूस, एवढीच त्या काळाची गती. हॉल नाशिकहून परतताना 20 मार्च 1826 रोजी सिन्नरजवळच्या दोडी-दापूरला पटकीनं वारला. त्या वर्षी पटकीची साथ होती आणि तो वाटेत औषधं वाटत आला होता.

मंडळी वाढत नव्हती, पण छापखाना वाढत होता. अमेरिकन मिशन प्रेसमधून 1817 पासून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. ‘निर्णयसागर’ छापखान्याचे जावजी दादाजी पोरवयात याच छापखान्यात कामाला होते. म्हणजे आपण ज्या सुबक टायपात पोथ्या, पुराणं आणि पंचांगं वाचली, त्या कारागिरीचा एक धागा भेंडीबाजारच्या मिशनपर्यंत जातो. ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या पाहून मिशनचं यश मोजणारे लोक ही बाजू सोडून देतात.

1831 च्या डिसेंबरात अमेरिकन मिशनरी नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हा ब्राह्मण ख्रिस्ती होता. शहरात गोरगरीब, आंधळे, रोगी यांच्यासाठी एक धर्मशाळा चालत होती, तिथं बाबाजी जाऊन बसू लागला. 1833 मध्ये नगरची मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्यात आले ते याच धर्मशाळेतले लोक. पटकीनं त्याच वर्षी बाबाजीही गेला. सबंध शहरानं टाकलेल्या माणसांपासून ही मंडळी सुरू झाली आणि काही वर्षांनी, 1839 मध्ये, हरिपंत आणि नारायण हे खिस्ती आडनावाचे ब्राह्मण बंधू तिच्यात आले. आता आली खरी कसोटी. प्रभुभोजनात एकच भाकर मोडतात, एकाच प्याल्यातून पितात. ब्राह्मण आणि महार एका पंगतीत नव्हे, एका प्याल्याला! दक्षिणेत काही ठिकाणी मिशनांनी जातीपुढं मान तुकवली होती, वेगळे प्याले चालू दिले होते. नगरला अमेरिकनांनी ते होऊ दिलं नाही. म्हणून जात सुटली, असं मात्र मी म्हणणार नाही. लग्नं जुळवताना मूळची जात कितीतरी काळ विचारली जात राहिली, महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात कुरबुरी राहिल्या. प्याला एक झाला, सोयरीक झाली नाही. तरी 1840 च्या महाराष्ट्रात तो एक प्याला नगरला होता, याची नोंद आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात ठळक असायला हवी होती, आणि ती नाही.

हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना 1854 मध्ये नगरच्या दोन मंडळ्यांचे पाळक नेमलं. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई 1827 मध्ये आधी मुंबईत आली, नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि 1862 मध्ये इथंच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली, सावित्रीबाईंनी तिच्यापाशी अध्यापनाचे धडे घेतले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र जून 1842 मध्ये याच गावी सुरू झालं. फुल्यांच्या कार्याच्या पहिल्या बातम्या ज्यांत सापडतात, त्या पत्रांत ‘ज्ञानोदय’ आहे.

खेड्यांत ही मंडळी पोचली ती मात्र गाण्यामुळं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक साहेब उपदेश देऊन थकले होते. उपदेश ऐकायला गाव जमत नाही, कीर्तनाला जमतं, हे त्यांच्या आणि इथल्या ख्रिस्ती कवींच्या लक्षात आलं. 1860 च्या दशकात नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग सगळं आपलं; आख्यान येशूचं. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्या रचना आजही गायल्या जातात. नारायण वामन टिळक आले ते या तयार झालेल्या जमिनीवर. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, मग नगर आणि राहुरी. त्यांनी साहेबी गीतांच्या ओढाताणीच्या भाषांतरातून मंडळीला सोडवलं आणि अभंग तिच्या ओठी दिला. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. जालन्याला मी दचकलो, त्याचं कारण नगरला कळलं. नरसीच्या नामदेवाचा छंद फिरून रविवारच्या उपासनेत आलेला होता.

टिळकांना मिशनरी साहेबांचा वरचष्मा शेवटी असह्य झाला. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांना तो खुला होता. तो फार टिकला नाही. 9 मे 1919 ला ते गेले. शेषाद्रींचं बेथेल आणि टिळकांचा दरबार हे मला एकाच जातीचे प्रयत्न वाटतात. दोन्हींमागं एकच आग्रह: मंडळी इथल्या माणसांची, इथल्या मातीत उभी राहील अशी हवी. पहिल्याला दिवाणानं जमीन दिली म्हणून ते टिकलं, दुसऱ्याला वेळ मिळाला नाही.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला उत्तर भारतातल्या सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. जालन्याचे प्रेस्बिटेरियन आणि औरंगाबादचे अँग्लिकन यांच्या मंडळ्या आता एकाच मराठवाडा धर्मप्रांतात आहेत. नगरच्या काही मंडळ्या आत गेल्या, काहींनी काँग्रिगेशनल नाव राखलं. बाहेरच्या माणसाला या भेदाभेदांत रस नसतो, पण जमिनी, शाळा, दवाखाने आणि त्यांचे दस्तऐवज कुणाच्या ताब्यात, याचा निकाल त्यावरच लागतो आणि बरीच भांडणं त्यातूनच होतात.

मराठवाड्यातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या असतात. त्यांत मूळ नाव, गाव, बापाचं नाव, कधी व्यवसायही लिहिलेला असतो. एकोणिसाव्या शतकात बलुतेदार माणसाचं नाव मानानं कागदावर आलं, अशा जागा आपल्याकडं फार थोड्या आहेत. वाळवी, ओल आणि कोर्टकज्जे यांच्यातून ज्या वह्या उरल्या असतील, त्यांची छायाचित्रं पाळकांच्या परवानगीनं काढून ठेवा. विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या कामाला लावता येईल. आणि नुसतं पाहायचंच असेल, तर रविवारी सकाळी जालन्याला जा. पुस्तक नसलं तरी शेजारचा माणूस आपलं ‘उपासना संगीत’ तुमच्यापुढं सरकवतो.